दिग्या, ते द्राक्षासव होतं

परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत मला तुझ्या मोठ्या भावाशेजारी बसवलं, म्हणजे अगदी मानाच्या जागी. आणि त्या मानाच्या जागी बसून मी काय करत होतो, तर सांबारवडीचा तुकडा तोंडात धरून विचार करत होतो, की याच्यासोबत काय चाललं असतं? विचारायला म्हणून सवयीने, तुझ्या नेहमीच्या जागेकडे, डावीकडे वळलो. डावीकडे तुझे साडू होते. ते म्हणाले, "काय पाह्यजे भाऊ, भात?" मी गडबडून हो म्हणालो. त्यांनी वाढप्याला हाक मारली, भाताचा ढीग पानात पडला आणि तेरवीचं अन्न टाकू नये म्हणून तो मला संपवावा लागला. तुझ्यामागे माझ्या वाट्याला आलेलं पहिलं दुःख हे असं अजीर्णाचं होतं. तुला सांगितलं असतं तर महिनाभर पुरवून पुरवून हसला असतास.

जेवणाआधी चार लोक तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या कॉलेजचे विभागप्रमुख म्हणाले, "दिगंबरराव म्हणजे समाधानी माणूस. कधी काही मागितलं नाही, वर्धा सोडून कधी कुठे गेले नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण तुझं ते समाधान कुठून आलं, हे त्या मांडवात एकट्या मलाच माहीत होतं. सेलूच्या एका वैद्याच्या दुकानातून. मी स्वतः आणलं होतं. दहा बाटल्या.

हे तुला जिवंतपणी सांगायला माझ्याकडे दहा वर्षं होती. पण मी पडलो ग्रंथालयातला कारकून. वेळेवर परत न येणाऱ्या पुस्तकांची मला सवय आहे, तसंच हेही राहिलं.

मुळात दोष त्या मासिकाचा. आणीबाणी उठल्यानंतर ग्रंथालयाची रद्दी काढताना मला एक परदेशी मासिक सापडलं. गुळगुळीत कागदाचं. त्यात चार पानं होती, कुठल्या जेवणासोबत कुठली वाइन घ्यावी यावर. आपण दोघं शब्दकोश घेऊन माझ्या बोरगावच्या खोलीच्या पायरीवर बसलो. मासोळीसोबत पांढरी, मांसासोबत लाल, असं काय काय निघालं. आपण दोघांनीही तोवर लाल पाहिली नव्हती, की पांढरी. पाहणार कुठे? थोरांची पावलं लागलेला आपला जिल्हा, त्यामुळे दारूबंदीचा, अख्खा कोरडा. तू मासिक मिटलंस आणि म्हणालास, "मध्या, हे समदं ठीक आहे. पन पाटवडीसोबत काय, हे कोनंच लिहिलं नाई."

दुसऱ्या कोणी ते हसून सोडून दिलं असतं. तू पडलास रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. तू केळझरला भावाच्या मळ्यात गेलास आणि बाजारात कोणी न घेतलेली बारीक संत्री पोतंभर घेऊन आलास. अॅसिडच्या दोन मोठ्या तपकिरी बाटल्या कॉलेजातून मागून आणून सात वेळा धुतल्यास. घरात ठेवणं शक्यच नव्हतं. तुझी आई अजून सूत कातायची, आणि कुसुमवहिनींच्या मते कांदाही जरा जास्तच नशा करायचा. म्हणून बाटल्या आल्या माझ्याकडे. मी एकटा जीव. माझ्या खाटेखाली साप ठेवला असता तरी विचारणारं कोणी नव्हतं.

पहिले दोन महिने त्या बाटल्या बोलत होत्या. झाकणातून निघालेली रबरी नळी पाण्याच्या भांड्यात, आणि दर थोड्या वेळाने एक बुडबुडा. गुडुक. मी पुस्तक वाचतोय, गुडुक. मी स्टोव्हला शिव्या देतोय, गुडुक. मी तुझ्याकडे तक्रार केली होती, "लेका, हे काय माझ्याशी संसार करून राह्यलं काय?" खरं सांगू? त्या खोलीत माझ्या बोलण्याला उत्तर देणारं तेवढं एकच होतं. नंतर बुडबुडे थांबले आणि वाइन नुसती बसून निवळत राहिली. मग तू रोज संध्याकाळी यायला लागलास. बाटली खिडकीपुढे धरून बघायचास, वहीत काहीतरी लिहायचास आणि तासभर बसायचास. बाटली बघायला दोन मिनिटं लागतात. उरलेली अठ्ठावन्न माझी होती. मी ती कधी कोणाला सांगितली नाहीत.

आणि आपलं ते भांडण. तुझं म्हणणं, संत्र्याची वाइन गोळाभातासोबतच घ्यायची. मोकळा भात, डाळीचे गोळे, वरून गरम तेल. त्यात वाइनला बोलायला जागा राहते. माझं म्हणणं, आपण विदर्भातले लोक, आपल्याला पाटवडी आणि तो कानातून धूर काढणारा रस्साच पाहिजे. तू म्हणायचास, "रश्शासोबत वाइन पिनं म्हन्जे बँडवाल्यासमोर बासरी वाजवनं." मी म्हणायचो, "गोळाभात ही काय पाहुण्याला द्यायची वस्तू आहे? ते तर घरात भाजी नसली की करतात." चौदा महिने आपण यावर भांडलो. शेवटी तू ठरवलंस की मळ्यात चार माणसांची पार्टी करायची. वाइन एकच, पदार्थ तीन: पाटवडी, रोडगे-वांगे आणि गोळाभात. दर पदार्थासोबत घोट घ्यायचा आणि चिठ्ठीवर मत द्यायचं.

पण तुझ्या मनात पार्टीच्या पलीकडचं काही होतं. ते तू फक्त मला दाखवलं होतंस. बुटीबोरीच्या पुढे, जिल्ह्याची हद्द ओलांडून नागपूरकडे, एक जागा तू पाहून ठेवली होतीस. परवान्याचा अर्ज भरून वहीत घडी करून ठेवला होतास. म्हणाला होतास, "चार लोकांनी चांगली म्हनली की नौकरी सोडतो बे. ही बारीक संत्री दरसाल सडतेत. मले ते पाहवत नाई." मी "वा" म्हणालो. दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदाचं वा जरा पोकळ निघालं. तू ऐकलं नाहीस बहुतेक.

जानेवारीतला तो रविवार. तू आदल्या दिवशीच मळ्यात गेला होतास. माझ्याकडे दोन कामं होती: बाटल्या आणणं आणि काचेचे ग्लास आणणं. लॅम्ब्रेटाच्या पुढ्यात बाटल्यांची थैली उभी करून मी सकाळी निघालो. पवनारचा पूल गेला, ऊन छान होतं, मी गाणं म्हणत होतो. एका नाल्याच्या अलीकडे समोर पाहतो तर रस्त्याच्या मधोमध खाकी कपडे. हात वर.

माझं गाणं पोटात गेलं. कोरडा जिल्हा, दोन बाटल्या वाइन, सरकारी ग्रंथालयाचा कारकून. मला डोळ्यांपुढे वर्तमानपत्र दिसलं. मी स्कूटर बाभळीआड घातली, नाल्यात उतरलो आणि चौदा महिने, दिग्या, चौदा महिने मी मिनिटभरात त्या नाल्याला पाजले. दोन्ही बाटल्या. शेवटचा थेंबसुद्धा झटकला, कारण भित्रा माणूस काम फार टापटीप करतो. असा वास सुटला होता म्हणून सांगू! सबंध नाला संत्र्याच्या मळ्यासारखा घमघमत होता. मी थेंबभर बोटावर घेऊन चाटायलाही थांबलो नाही.

तो शिपाई सावकाश चालत, खोकत खोकत आला. वरून वाकून पाहिलं.

"काय करून राह्यले भाऊ?"

"काही नाही. रस होता. आंबला होता."

"मंग फेकाचाच. पोट बिघडते." मग तो ओशाळं हसला. "बस चुकली. सेलूलोक सोडता काय?"

एवढंच. त्याला लिफ्ट पाहिजे होती.

मी त्याला मागे बसवलं. रिकाम्या बाटल्या त्यानेच मांडीवर धरल्या, फुटतील म्हणून. रस्ताभर तो खोकत होता आणि मी रडायचं की हसायचं ते ठरवत होतो. सेलूच्या बाजारात तो म्हणाला, "वैद्याच्या दुकानापाशी उतरवा. खोकल्यानं जीव घेतला, द्राक्षासव घ्याचं आहे." आणि उतरता उतरता डोळा मारून म्हणाला, "थोडी गरमी बी येते त्याच्यानं. आपल्या जिल्ह्यात तेवढीच सरकारमान्य."

माझ्या डोक्यात जे काही चमकलं ते बुद्धी नव्हती, पण त्या वेळी मला तसंच वाटलं. मी दुकानात शिरलो आणि जेवढ्या होत्या तेवढ्या बाटल्या मागितल्या. वैद्यबुवांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढं कोनाले?"

"वडिलांना."

"किती दिवसांचं आजारपन?"

"चौदा महिने," मी म्हणालो. त्या दिवशी तोंडून निघालेली तेवढीच खरी गोष्ट.

शिपाईदादांनी बाटल्या थैलीत भरायला मदत केली. "म्हाताऱ्याले जपजा," म्हणाले. गावाबाहेर पंपापाशी मी सगळं तुझ्या अॅसिडच्या बाटल्यांत ओतलं, कमी पडलं तेवढं पाणी घातलं आणि केळझरच्या गणपतीला लांबूनच एक नारळ बोललो. काचेचे ग्लास रुमालात गुंडाळून स्कूटरच्या डिक्कीत खाली दडवले. वाइन पिवळी असायला हवी होती आणि हे तर काकवीसारखं काळं. "ग्लास विसरलो" असं तुला सांगितलं. तू चिडलास आणि भावाच्या घरून स्टीलचे मागवलेस. स्टीलने माझी लाज राखली.

संत्र्याच्या झाडाखाली सतरंजी. एकीकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, दुसरीकडे तू खांद्यावर पंचा टाकून तीन पातेल्यांमध्ये नाचत होतास. पाहुणे दोनच. पोस्टातला भोयर, जो एकदा गोव्याला गेलता आणि त्यामुळे आपल्यातला एकमेव तज्ज्ञ होता. आणि थूल मास्तर, पंचशील पाळणारे. ते पिणार नव्हते, फक्त जेवून पदार्थांना न्याय देणार होते. तू सगळ्यांना घासागणिक चूळ भरायला लावत होतास. पाण्याची बादली मध्ये ठेवली होतीस, लग्नात कलश ठेवतात तशी.

भोयरने घोट घेतला. डोळे मिटले. गालात इकडून तिकडे फिरवला. मग म्हणाला, "अस्सल! जिभेवर येते, थांबते, अन् मंग मांगं जाते. गोव्यात हेच होतं."

थूल मास्तरांनी ग्लास नुसता नाकाशी नेला. "दिगंबरराव, मले पिन्यातलं कळत नाई. पन माह्या आजीच्या उशाशी अशाच वासाची बाटली राहे."

"घ्या! पिणारे चूप अन् न पिणारा सांगून राह्यला!" भोयर ओरडला. सगळ्यांत मोठ्याने हसलो मी.

तू घोट घेतलास तेव्हा मात्र मी वांग्याकडे पाहत होतो. तरी दिसलं. तू ग्लास खाली ठेवलास. वाकून आत पाहिलंस. मग बाटलीकडे. मग माझ्याकडे. मी म्हणालो, "वांगं मस्त जमलं बे." तू पुन्हा एक घोट घेतलास, गोळाभाताचा एक घास खाल्लास आणि बराच वेळ चावत राहिलास.

मतदान झालं. मी आणि भोयरने पाटवडीला मत दिलं, कारण त्या रश्शानंतर कोणालाच कसलीच चव कळत नव्हती. थूल मास्तरांनी तिन्ही पदार्थांना मत दिलं, म्हणून ते बाद. गोळाभाताला एक मत. तुझं. म्हणजे चौदा महिन्यांचं भांडण मी जिंकलो. खोकल्याच्या औषधाच्या जोरावर.

परतताना पवनारच्या पुलावर तू मला स्कूटर थांबवायला लावलीस. ऊन उतरत आलं होतं. कठड्याला टेकून म्हणालास, "चौदा महिने गेले मध्या. अन् बनलं काय, त द्राक्षासव. ते त वैद्याकडं बी भेटते." आणि हसलास.

दिग्या, तिथे बोलायचं होतं. ती जागा होती. शब्द तयार होते, तोंड उघडलंही होतं. पण तू हसलास म्हणून मी हसलो, आणि एकदा हसल्यावर ते सांगणं अवघड होऊन बसलं.

लाजेने बोललो नाही, असं मी स्वतःला दहा वर्षं सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो, कारण आता तू चिडू शकत नाहीस. वाइन चांगली निघाली असती तर तू नागपूरला गेला असतास. रोज संध्याकाळी येणारं कोणी राहिलं नसतं. पुलावर तू हरल्यासारखा उभा होतास आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात, देवाशपथ, काहीतरी निश्चिंत झालं. मित्राची स्वप्नं मोडताना माणसाला आराम वाटू नये. मला वाटला.

पुढच्या आठवड्यात तुझ्या प्रयोगशाळेत आलो, तर तो परवान्याचा अर्ज परीक्षानळ्यांच्या खणात खाली अंथरलेला. त्यावर निळा डाग पडला होता. तू पुन्हा कधी संत्री आणली नाहीस. पण माझ्याकडे येत राहिलास. बाटल्या नव्हत्या, बघायला काही नव्हतं, तरी. दहा वर्षं तू आलास, पायरीवर बसलास, माझ्या स्टोव्हला नावं ठेवलीस, मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर मुगाचं वरण आणलंस. ती दहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली होती. चोरीच्या मालाबद्दल आभार कसे मानायचे, ते मला माहीत नाही. तरी मानतो.

तेरवीनंतर मी निघालो, तेव्हा कुसुमवहिनींनी थांबवलं. आतून एक छोटी बाटली आणली. औषधाची, झाकणावर मेण.

"हे त्यांच्या कपाटात होतं भाऊजी. तुमचं नाव घेतलं होतं एकदा. म्हने, मध्याच्या कामाचं आहे. काय आहे हे?"

"खोकल्याचं असेल," मी म्हणालो. माझी जीभ सुधारणार नाही.

घरी येऊन पाहिलं. तुम्हा प्रयोगशाळावाल्यांची ती सवय मी कशी विसरलो? काहीही बाहेर पाठवण्याआधी थोडा नमुना बाजूला काढून ठेवायचा. तू काढला होतास. आतली पिवळी होती. दोन बोटं कमी होती, आणि मेण दोनदा लावलेलं. बाटलीवर तुझी चिठ्ठी, तुझ्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात: "संत्रे. नमुना. पार्टीनंतर चाखली. चांगली. गोळाभातासोबत फार चांगली."

म्हणजे तुला माहीत होतं. आठ दिवसांत कळलं असेल, फार तर महिन्यात. वाइन चांगली होती, मी तुला फसवलं होतं, भांडणही तूच जिंकला होतास. सगळं तुझ्या कपाटात होतं, आणि दहा वर्षं तू माझ्या पायरीवर बसून मला पाटवडीवरून फुशारक्या मारू दिल्यास.

मग गेला काऊन नाईस, दिग्या? अर्ज पुन्हा भरता आला असता. संत्री दरसाल होतीच. तुला भीती वाटली, की आईचं काही आड आलं, की या बोरगावच्या खोलीतल्या माणसाचं? मी चिठ्ठी मागून पुढून पाहिली. तेवढं त्यावर नाही.

आज रविवार. सकाळी सगळी गल्ली टीव्हीपुढे होती आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं. मी गोळाभात केला. गोळे फुटले, भात चिकट झाला, तेल जरा जळलं; तू असतास तर पातेल्याकडे पाहून टोपी काढली असतीस. दडवलेल्या त्या ग्लासांपैकी एक काढला. काचेचा. ओतली तर खिडकीतलं ऊन तिच्यातून सरळ भातावर पडलं.

घास खाल्ला. घोट घेतला. मला वाइनमधलं काय कळतं? आयुष्यात मी फक्त द्राक्षासव प्यालोय. दहा वर्षांनी ती उतरली होती की अजून चढली होती, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. मी पुन्हा घास खाल्ला, पुन्हा घोट घेतला. खोलीत आवाज नव्हता.

उरलेल्या बाटलीला मेणबत्तीचं मेण लावलं. लावताना बोट भाजलं. मग पेन काढून तुझ्या ओळीखाली, थोडी जागा होती तिथे, एक शब्द लिहिला.

मान्य.